जुनं डिझेल बोटीच्या जुन्या इंजिनात घालण्याआधी

ऑक्टोबर लागला की धरणाच्या फुगवट्याकाठच्या शेडांची कुलपं उघडायला लागतात. इगतपुरीकडचा चार महिन्यांचा पाऊस सरलेला असतो, पाणी काठोकाठ असतं आणि बोट पाण्यात ढकलायची घाई असते. शेडच्या कोपऱ्यात एक कॅन उभा असतो. मार्चमध्ये भरलेला, निम्मा वापरलेला, झाकण जेमतेम बसवलेला. लिटरला नव्वदीच्या घरातलं डिझेल ओतून द्यायला कुणाचंच मन होत नाही. मग ‘जुनं इंजिन आहे, काहीही पचवतं’ असं म्हणत कॅन टाकीत रिकामा होतो.

मीही एका वर्षी तेच केलं. आमची बोट लोखंडी आहे आणि तिच्यावरचं इंजिन एका सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं. निफाड-सिन्नरकडे विहिरीवर पूर्वी जी इंजिनं चालायची, त्याच जातीचं. सुरू झालं, वीस मिनिटं छान चाललं, मग आवाज बसला, दोन-तीन गचके बसले आणि फुगवट्याच्या मधोमध बंद पडलं. संध्याकाळचा पश्चिमेचा वारा सुटला होता आणि बोटीत आम्ही चौघं होतो. वल्ही होती म्हणून काठाला लागलो. काठावर फिल्टरची वाटी उघडली तर तळाला बोटभर पाणी आणि वर भेंडीच्या चिकासारखा काळपट थर. तो दोन बोटांत धरला तर तार निघत होती.

त्या दिवसापासून जुनं डिझेल मी टाकून देत नाही आणि थेट टाकीतही ओतत नाही. मधे काही पायऱ्या आहेत. त्या सगळ्या घरच्या घरी होतात, फक्त दोन-तीन दिवसांचा धीर लागतो.

डिझेल जुनं होतं म्हणजे त्याचं काय होतं

बंद, भरलेल्या, सावलीतल्या भांड्यात डिझेल सहा महिने ते वर्षभर सहज टिकतं. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये हा काळ बराच कमी होतो. बिघाड तीन वाटांनी येतो.

पहिली वाट पाण्याची, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त त्रास हिचाच. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये वर हवा असते. दिवसा ती फुगून बाहेर जाते, रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि आतल्या भिंतीवर दव धरतं. घाटमाथ्याच्या पावसाळ्यात हे रोज रात्री घडतं. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतं.

दुसरी वाट जिवंत आहे. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात, त्या सीमेवर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते राहतात पाण्यात आणि खातात डिझेल. मला फिल्टरमध्ये सापडलेला चिकट थर त्यांचाच. पाणी नसेल तर हे जीव वाढू शकत नाहीत, ही गोष्ट पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागू आहे. पंपावरच्या डिझेलमध्ये थोडं बायोडिझेल मिसळलेलं असू शकतं. ते साध्या डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं, म्हणून पूर्वीच्या अनुभवावर ‘वर्षभर काही होत नाही’ असं गृहीत धरू नका.

तिसरी वाट हवेची. हवेतल्या प्राणवायूने डिझेल हळूहळू गडद होतं आणि त्यात डिंकासारखा पदार्थ तयार होतो. तांबं, पितळ आणि जस्त यांच्या संगतीत हे लवकर घडतं. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यात डिझेल साठवणं चूक आहे. बाजारात सर्रास मिळतात म्हणून लोक तेच डबे वापरतात.

इंजिन कुठलं आहे ते आधी पाहा

‘जुनं इंजिन काहीही पचवतं’ यात तथ्य आहे, पण अर्धंच. आजच्या कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच पाइपातून अतिदाबाने डिझेल देणाऱ्या, इंजिनाला जे डिझेल एका दिवसात मारेल, त्यावर जुनं यांत्रिक पंपाचं इंजिन धूर काढत का होईना चालतं. त्याचा इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा सोडणारा भाग, साधारण २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास उघडतो. नव्या इंजिनात दाब हजार बारच्या कितीतरी वर असतो. तरीही जुन्या पंपाचा प्लंजर (डिझेल ढकलणारा दांडा) आणि इंजेक्टरच्या टोकाच्या नॉझलची सुई मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, मापात बसवलेल्या असतात. दोन-चार मायक्रॉनचीच फट असते आणि माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो. सातपूरच्या एमआयडीसीत मायकोच्या, म्हणजे आताच्या बॉशच्या, कारखान्यात नॉझल आणि इंजेक्टर बनतात. मायको सर्कलला हे नाव त्याच कंपनीवरून पडलं. त्या कारखान्यात काम केलेल्या कुठल्याही नाशिककराला विचारा, पाण्याचा एक थेंब त्या सुईला काय करतो ते तो सांगेल. सुईला डिझेलचंच वंगण असतं. पाणी आलं की वंगण जातं आणि गंज धरतो.

पंपाची जातही पाहा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या सरळ पंपाचा खालचा भाग बहुतेक वेळा इंजिन ऑइलमध्ये चालतो, त्यामुळे तो जरा सोशिक असतो. गोल डोक्याच्या रोटरी पंपाचा आतला प्रत्येक भाग डिझेलमध्येच बुडालेला असतो आणि वंगणासाठी पूर्णपणे डिझेलवर अवलंबून असतो. तुमचा पंप रोटरी असेल तर पायरी ५ मधलं जुन्या डिझेलचं प्रमाण निम्मं धरा.

पायरी १: बरणी

लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. कॅन हलवू नका. पारदर्शक नळी अगदी तळापर्यंत सोडा आणि हातपंपाने तळाचं अर्धा लिटर डिझेल बरणीत काढा. तोंडाने ओढू नका. डिझेल घशातून फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा गंभीर आजार होतो, आणि अशी चूक एकदाच पुरते.

बरणी रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी तिच्यामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरं स्वच्छ वाचता आली, रंग फिकट पिवळा किंवा मधासारखा असला आणि तळाशी रेघ दिसली नाही तर डिझेल चांगलं आहे. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसतो तेव्हा घाबरू नका. पाणी वेगळं झालं म्हणजे ते काढता येतं. दोन थरांच्या मधे काळं, लोंबतं, जाळीसारखं काही असेल तर ती बुरशी आहे. मग काम वाढतं.

सगळंच डिझेल दुधी, धुरकट दिसलं तर एक साधी खूण आहे. बरणी कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवा, विस्तवाजवळ अजिबात नको. धुरकटपणा झटकन गेला तर ते बहुधा थंडीने गोठलेलं मेण आहे. गेला नाही तर पाणी मिसळलेलं आहे.

मेणाचा मुद्दा नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवावा. डिझेल ज्या तापमानाखाली वाहायचं थांबतं, त्याची भारतीय मानकातली मर्यादा उन्हाळी आणि हिवाळी डिझेलला वेगळी आहे. उन्हाळ्यात १५ अंश सेल्सिअस, हिवाळ्यात ३ अंश. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. मे महिन्यात घेतलेलं डिझेल जानेवारीच्या पहाटे वापरलं तर ते बिघडलेलं नसतानाही फिल्टर मेणाने बुजू शकतो. अशा सकाळी ऊन वर येऊ द्या आणि मग इंजिनला हात लावा.

आता वास. डिझेलचा वास आपल्या ओळखीचा असतो. आंबूस, व्हार्निशसारखा किंवा कुजका वास आला तर ते बाजूला काढा. पेट्रोलचा वास आला तर तो कॅन बोटीत न्यायचाच नाही, गाळूनही नाही आणि मिसळूनही नाही. बोटीतल्या बंदिस्त इंजिनघरात पेट्रोलची वाफ साचणं हा सरळ आगीचा धोका आहे. जुन्या कॅनवर खूण नसते आणि शेडमध्ये गवत कापायच्या मशीनचं पेट्रोलही ठेवलेलं असतं, त्यामुळे हा घोळ वाटतो त्याहून सहज होतो.

तळाशी पाणी आहे की नाही याची शंकाच उरू द्यायची नसेल तर पेट्रोल पंपावर टाकीतलं पाणी तपासायला जी पेस्ट वापरतात ती मिळते. काठीच्या टोकाला लावून तळापर्यंत बुडवा. पाणी असेल तिथपर्यंत तिचा रंग बदलतो.

पायरी २: निवळू द्या

पुराचं गढूळ पाणी हंड्यात भरून रात्रभर ठेवलं की सकाळी वरचं पाणी निवळलेलं असतं. डिझेलचंही तसंच आहे. वीस लिटरच्या कॅनला दोन रात्री आणि दोनशे लिटरच्या ड्रमला किमान तीन दिवस द्या. कॅनच्या एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवून तो थोडा तिरका ठेवा, म्हणजे पाणी आणि गाळ एका कोपऱ्यात जमतात. जिथे ठेवलात तिथून मग हलवू नका. सगळे इथेच घाई करतात. जीपच्या मागे टाकून कॅन धरणावर आणायचा आणि उतरवल्याबरोबर ओतायचा, म्हणजे तळ ढवळून वर आणलाच.

पायरी ३: वरचं घ्या, तळ सोडा

नळीचं टोक पृष्ठभागाच्या खाली चार बोटांवर ठेवा आणि डिझेल उतरेल तसं टोक खाली सोडत जा. वीस लिटरच्या कॅनमधले तळाचे दोन लिटर मी कधीच घेत नाही. बरणीत बुरशी दिसली असेल तर चार लिटर सोडतो. मन मोठं करून सोडायचे तेवढेच लिटर, बाकी सगळं वाचतं.

पायरी ४: गाळणं

मलमलचं कापड लावलेल्या नरसाळ्याने काडीकचरा आणि गंजाचे मोठे पापुद्रे अडतात, बारीक काही अडत नाही. पाणी तर नाहीच. पहिल्या गाळणीसाठी मलमल ठीक आहे. दुसऱ्या गाळणीला ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर घ्या, तोच जो ऑटो पार्ट्सच्या दुकानात सहज मिळतो. त्याचं हेड, म्हणजे फिल्टर ज्याला बसतो तो वरचा भाग, एका फळीवर पक्कं बसवा, वर कॅन आणि खाली स्वच्छ भांडं. उतारावर डिझेल आपोआप गळतं. वीस लिटरला तासाहून जास्त वेळ लागतो, तो लागू द्या. पाणी अडवणारी बारीक जाळी असलेली नरसाळीही मिळतात. तळाचं डिझेल वाचवायचा मोह आवरत नसेल तर असं नरसाळं मात्र घ्या.

बुरशी मारायचं औषध बाजारात आहे. ते बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घाला, हातमोजे घाला, आणि आधी तळ काढून टाका. तळ न काढता औषध घातलं तर मेलेली बुरशी सुटून वर येते आणि एकाच दिवसात दोन फिल्टर बुजवते. तळ काढला, पाणी काढलं तर माझ्या अनुभवात औषधाची गरज क्वचितच पडते.

पायरी ५: ताज्यात मिसळणं

गाळलेलं जुनं डिझेलही एकट्याने चालवू नका. एक भाग जुनं आणि चार भाग ताजं, इथून सुरुवात करा. रंग गडद असेल तर एकाला नऊ. गडद आहे आणि वासही वेगळा आहे, तर प्रमाण शोधत बसू नका, ते बोटीसाठी नाही.

रॉकेल घालून ‘पातळ’ करण्याची जुनी सवय सोडा. रॉकेलने वंगण कमी होतं आणि पंप लवकर झिजतो. इंजिनमधून काढलेलं काळं ऑइल मिसळणारेही आहेत. त्यातली काजळी आणि धातूचा चुरा थेट नॉझलवर जातो.

इथेच रबरी नळ्यांबद्दल सांगतो. देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (भारत स्टेज या प्रदूषण मानकाचा सहावा टप्पा) इंधन आलं आणि डिझेलमधलं गंधक १० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत १० भागांच्या, मर्यादेत आलं. त्याआधी बीएस-४ मध्ये ती मर्यादा ५० पीपीएम होती. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलच्या इतर घटकांतही फरक पडतो आणि जुन्या काळची रबरी सील त्यामुळे आकसू शकतात. वर्षानुवर्षं न गळणारा पंप अचानक ओला दिसू लागला तर त्यामागे हेही कारण असू शकतं. जुन्या नळ्या आणि वॉशर या हंगामात बदलून टाका. जिथून डिझेल बाहेर येतं तिथून हवा आत जाते, आणि एअर पकडलेलं इंजिन बंद पडतं तेव्हा आपण उगाच डिझेलला दोष देतो.

पायरी ६: बोटीची टाकी

वर्षभर बंद बोटीच्या टाकीत कॅनइतकंच पाणी असू शकतं. तळाचा ड्रेन प्लग उघडून पहिलं लिटर बरणीत घ्या आणि पायरी १ पुन्हा करा. घाण निघाली तर टाकी काढून धुवा. आतून पुसायला धागे सुटणार नाहीत असं कापड वापरा. गळती असेल तर त्या टाकीवर स्वतः वेल्डिंग करू नका. रिकामी वाटणारी डिझेलची टाकी वेल्डिंगच्या ठिणगीने फुटते आणि माणसं जातात. हे काम टाकी नीट वाफवून घेणाऱ्या अनुभवी माणसाकडेच द्या.

मुख्य टाकीची खात्री नसेल तर पहिल्या दिवशी ती बंद ठेवा. इंजिनपेक्षा उंचावर पाच लिटरचा स्वच्छ कॅन घट्ट बांधा आणि त्यातूनच नळी द्या. मी दरवर्षी पहिली चाचणी अशीच घेतो.

पायरी ७: फिल्टर आणि एअर

नवा फिल्टर बसवताना तो स्वच्छ डिझेलने भरून बसवा. मग एअर काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत थांबा, स्क्रू आवळा. पंपावरच्या स्क्रूचंही तसंच. शेवटी इंजेक्टरकडे जाणाऱ्या पाइपाचा नट एक आटा सैल करा, डिकम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडून हँडल हलकं करणारा खटका) उचलून हँडल मारा, नटापाशी डिझेल उडू लागलं की नट आवळा. सुटलेल्या इंजेक्टरसमोर हात धरू नका. त्या दाबाचा फवारा कातडीतून आत शिरतो आणि बाहेरून फक्त टाचणीएवढं भोक दिसतं. असं झालं तर दुखत नसलं तरी तसंच थेट दवाखान्यात जा.

पायरी ८: बांधलेल्या बोटीवर चाचणी

बोट पुढून-मागून दोराने काठाला बांधा. थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का ते आधी बघा, नाहीतर डिझेलची चाचणी होताना पाण्याचा पंप जळून जाईल. दहा मिनिटं रिकामं चालवा, मग गिअर टाकून ओझ्यावर पाऊण तास. बुजणारा फिल्टर ओझ्यावरच उघडा पडतो. रिकामं इंजिन तासभर चालेल आणि भर पाण्यात दम तोडेल.

धूर पाहत राहा. सुरू होताना पांढरा धूर येणं ठीक, पण इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर पाणी येतंय किंवा डिझेल नीट जळत नाही. ओझं बेताचं असताना काळा धूर आला तर नॉझल फिटरला दाखवा. निळा धूर ऑइलचा, त्यात डिझेलचा संबंध नाही. चाचणीनंतर फिल्टरची वाटी पुन्हा उघडा. कोरडी आणि स्वच्छ असेल तरच दुसऱ्या दिवशी काठ सोडा.

पहिल्या चार-पाच फेऱ्या काठालगत करा. बोटीत दोन जादा फिल्टर, पाना, वल्ही, नांगर आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवंच. पर्यटक नेत असाल तर त्या फेऱ्यांना पूर्ण ताजंच डिझेल वापरा. आपल्या जिवावर प्रयोग करणं आणि दुसऱ्याच्या लेकरांना घेऊन करणं यात फरक आहे.

सोडलेल्या तळाचं काय करायचं

काठावर ओतायचा नाही, बोटीच्या तळातल्या पाण्याबरोबर धरणात उपसायचा तर अजिबातच नाही. गंगापूर धरणाचं पाणी नाशिक पितं आणि अप्पर वैतरणेचं मुंबईला जातं. थोडंसं डिझेलही पाण्यावर केवढा तवंग पसरवतं ते तुम्ही पाहिलंच असेल. सांडलंच तर लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या आणि भुसा वेगळा भरून ठेवा. तळाचं डिझेल झाकणाच्या कॅनमध्ये साठवा, वर ‘खराब’ असं ठळक लिहा आणि वापरलेलं ऑइल उचलणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाला विचारून त्याच्याकडे द्या.

पुढच्या पावसाळ्याआधी

बोट मे अखेरीस वर काढता तेव्हा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी ठेवा, नाहीतर गळ्यापर्यंत भरा. अर्धी ठेवू नका. उरलेलं डिझेल चांगल्या प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये काठोकाठ भरा. फुगायला वर दोन बोटं जागा पुरे. कॅन जमिनीवर न ठेवता फळीवर, सावलीत ठेवा आणि त्यावर मार्करने महिना-वर्ष लिहा. मी झाकणाजवळ पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहितो, कारण कॅनच्या अंगावरचं लिखाण हाताच्या डिझेलनेच पुसलं जातं. ऑक्टोबरमध्ये शेड उघडल्यावर आधी ती पट्टी वाचतो आणि मग बरणी धुवायला घेतो.